पंचबाईंची खिडकी

माझा काका पाट्या रंगवतो. किराणा, दवाखाना, शिकवणी, सायकलदुरुस्ती, ‘येथे गाडी लावू नये’... आमच्या भागात वाचण्याजोगं जे काही आहे त्यातलं निम्मं त्याच्या हातचं. पण स्वतःच्या घरावर पाटी लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. लग्नापासून तो भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहत आला, आणि काकू म्हणायची तसं, तिसऱ्या मजल्याला लोक नावं ठेवतात, नाव देत नाहीत.

काकू हाडांच्या वॉर्डात नर्स होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कंबरा सांभाळल्या आणि निवृत्त झाली त्याच वर्षी तिच्या स्वतःच्या कंबरेने हात वर केले. जिने चढणं बंद झालं. म्हणून दोघांनी ते घर घेतलं. गल्लीच्या वळणावर एकटं बसलेलं, कौलारू, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर अंगण. बरीच वर्षं बंद होतं. दाराला कुलूप होतं, पण दारच चौकटीतून सुटलेलं, त्यामुळे कुलपाला काही अर्थ नव्हता.

माझी आत्या, म्हणजे काकाची थोरली बहीण, पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा आत पाऊलही न टाकता म्हणाली, “हे घर आहे का घराचा फोटो?”

“घर आहे,” काका म्हणाला. “जरा आजारी आहे इतकंच.”

मग त्याची सेवा सुरू झाली. सुट्टी मिळेल तशी मीही जायचे. कौलं उतरवून धुतली, फुटकी बदलली. वाळवी लागलेले वासे काढले. भिंतींवर रंगाचे इतके थर होते की पत्री घेऊन खरवडायला लागलं की आधी हिरवा, मग पिवळा, मग निळा असं एकेक बाहेर यायचं, आणि प्रत्येक थराला काका ओळखीचं माणूस भेटल्यासारखा थांबायचा. “हा निळा आता मिळत नाही,” म्हणायचा आणि त्यावरून हात फिरवायचा. एक ढलपी त्याने खिशातही टाकली.

पुढच्या खोलीत रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला एक जुनं, बुटकं फडताळ ठोकलेलं होतं. ते काढलं आणि मागून फळ्या निघाल्या. फळ्या काढल्या, बाहेरून माजलेली वेल कापली आणि उजेड आला. खिडकी होती. चांगली हातभर रुंद, सागवानी चौकटीची, सुबक. फक्त ती गुडघ्याच्या उंचीवर होती. तिच्या वर, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी दुसरी खिडकी होतीच.

आम्ही सगळे वाकून तिच्याकडे बघत राहिलो.

“कोळसा टाकायला असेल,” गवंडी म्हणाला. “बुजवून टाकू. कुत्री-मांजरं शिरतील.”

“कोळसा बैठकीच्या खोलीत कोण टाकतं?” मी म्हटलं. “माप चुकलं असेल सुताराचं.”

“माप चुकणारा असली चौकट करत नाही,” काका म्हणाला. चौकटीचे कोपरे असे बसवले होते की सांध्यात नख जात नव्हतं. त्याचा अंदाज होता की इथे कोणी चांभार असेल. जमिनीवर बसून काम करायचं, येणाऱ्याचं पाऊल आधी दिसायला हवं.

आत्याचं म्हणणं, हे मांजराचं दार.

“एवढं रुंद?” काकू म्हणाली. “मांजर काय पाहुणे घेऊन यायचं?”

गवंडी सिमेंट कालवायच्या तयारीत होता. काकूने त्याला थांबवलं. “आज नको. आधी कळू दे कशाला होती ते. मग बुजवायची तर बुजवू.”

काकूचं असं होतं. न कळलेली गोष्ट तिला दातात अडकल्यासारखी सलायची. दोन दिवस ती त्या खिडकीपाशी घुटमळत होती. स्टुलावर बसून बघितलं, जमिनीवर मांडी घालून बघितलं. मांडी घालून बसलं की चौकटीची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येत होती. म्हणजे चांभार बाद.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर तिची कंबर धरली. तिने सतरंजी टाकली आणि तिथेच, खिडकीला समांतर, आडवी झाली. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. तिची हाक आली, “अगं, इकडे ये. लवकर ये. इथे झोप.”

मी तिच्या शेजारी आडवी झाले, उशीवर डोकं ठेवलं आणि मान वळवली. गल्ली समोर उघडली. समोरच्या घराच्या पायऱ्या, कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान, जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावलं, दूर गेलं की पूर्ण माणसं, आणि गोदामाच्या छपरावर आभाळाचा तुकडा. कुठेही ताणावं लागत नव्हतं.

“ही झोपून असलेल्या माणसाची खिडकी आहे,” काकू म्हणाली. आवाज हळू झाला होता. मग तिने वर बोट दाखवलं. तुळईला एक लोखंडी कडी होती. आम्ही ती पाळण्याची समजून रंगवूनही टाकली होती. “पाळण्याला दोन कड्या लागतात. ही एक आहे, आणि बरोबर पायांच्या वर आहे. पाय ताणून धरायला वजन लटकवतात ना, त्याची. आमच्या वॉर्डात रांगेने होत्या.”

“पण कोण?” मी विचारलं.

“तेच तर,” ती म्हणाली. आणि कंबर विसरून उठून बसली.

दुसऱ्या दिवशी काका दाढीला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला. न्हावी त्याच गल्लीत जन्मलेला, वडिलांच्या जागी उभा राहिलेला. साबण फासून झाला होता. काकाने विचारलं, “वळणावरच्या घरात ती खाली खिडकी आहे, तिथे कोण राहायचं हो?”

न्हाव्याचा हात थांबला. “ती खिडकी अजून आहे?”

“फडताळामागे होती. परवा निघाली.”

न्हाव्याने वस्तरा ठेवला, दुकानाला बाहेरून कडी घातली आणि तडक चालू लागला. काका अर्ध्या दाढीचा साबण तसाच घेऊन त्याच्या मागे. ती वरात घरात शिरली तेव्हा मला वाटलं, कोणाला तरी लागलंय. न्हावी सरळ खिडकीसमोर जाऊन उकिडवा बसला आणि चौकटीवर हात ठेवून म्हणाला, “आम्ही बाहेरून असे बसायचो. नाक आत घालून. बाई, गोल झाला का नाही सांगा!”

मग त्याने सांगितलं ते असं. इथे एक सुतार आणि त्याची बायको राहायची. बायको शाळेत खेळ शिकवायची. पोरांना दोरावर चढवायची, स्वतः आधी चढून दाखवायची. एकदा मैदानावर खांबाला जाळी बांधताना शिडी सटकली आणि ती पाठीवर पडली. त्यानंतर दोन-अडीच वर्षं ती या खोलीत आडवी होती. वरच्या खिडकीतून तिला नुसतं आभाळ दिसायचं. आभाळ बघून ती इतकी वैतागली की एके दिवशी नवऱ्याला म्हणाली, मला माणसं दाखव, नाहीतर मी ओरडत सुटेन. सुताराने भिंत फोडली आणि ही खिडकी बसवली.

“गल्लीत आमचा फुटबॉल चालायचा,” न्हावी म्हणाला. “गोदामाच्या भिंतीवर कोळशाने गोलाचे खांब काढलेले, पुढे जमिनीवर रेघ. भांडणं तर विचारू नका. एकदा हाणामारी चालली होती आणि अचानक शिट्टी वाजली. अशी खणखणीत की सगळे जागच्या जागी. बघतो तर खिडकीतून बाई म्हणतात, गोल झालाय, पुढे चला. झालं. तेव्हापासून त्या पंच. पंचबाई! त्यांनी सांगितलं की संपलं. काळ्या दगडावरची रेघ. आईबापांचं ऐकलं नाही एवढं आम्ही त्यांचं ऐकायचो.”

“मग पुढे?” काकूने विचारलं. “उठल्या का त्या?”

न्हाव्याला ते ठाऊक नव्हतं. मोठ्या उपचाराला कुठेतरी नेलं, सुतारानेही घर सोडलं, त्यानंतर मालक बदलत गेले. फक्त एवढं त्याला माहीत होतं की बाईंची धाकटी बहीण बाजारात लोकर-बटणांचं दुकान चालवायची. अजून असली तर.

होती. मी शनिवारी गेले तेव्हा गल्ल्यामागे एक सत्तरीच्या ताठ बाई लोकरीचा गुंडा वळत होत्या. मी कुठल्या घरातून आले ते सांगितल्यावर गुंडा वळणं थांबलं नाही, फक्त सावकाश झालं.

“खिडकी बुजवली नाहीत?”

“नाही. काकूने बुजवू दिली नाही. मावशी, बाई पुढे बऱ्या झाल्या का?”

“झाली की. काठी घेऊन चालायची. मग हट्टाने चौथ्या मजल्यावर घर घेतलं तिने. म्हणाली, फार वर्षं खालून बघितलं, आता वरून बघते. गेली, त्याला झाली काही वर्षं. मेहुणे तिच्या आधी गेले.” गुंडा बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमची काकू कोण आहे?”

“हाडांच्या वॉर्डात नर्स होती.”

“मग बरोबर,” त्या म्हणाल्या. घर तयार झालं की छोटासा समारंभ करतोय, याल का, असं मी विचारलं. “येईन. मला भाषण मात्र करायला लावू नका.”

समारंभ रविवारी दुपारी ठेवला. काकाने दाराशेजारी पाटी लावली होती. शिसवी फळी, घासून, रंगाचे हात देऊन आरशासारखी केलेली, आणि पूर्ण कोरी. नाव काय द्यायचं हेच ठरत नव्हतं. आत्याने काका आणि काकूच्या नावांची आद्याक्षरं, मुलांची आद्याक्षरं असं सगळं उलटसुलट जोडून पाहिलं होतं. त्यातून जे शब्द निघत होते ते एकतर औषधासारखे वाटत होते, नाहीतर साबणासारखे.

“दुसऱ्यांना घडाघडा सुचवतोस,” ती काकाला म्हणाली. “स्वतःच्या वेळी दातखीळ बसली?”

“दुसरे सांगतात ते मी रंगवतो, ताई. सुचवत कुठे असतो?”

चहा, सरबत, सँडविच, एक मोठा केक. अंगणात सतरंज्या. आम्ही गल्लीतल्या चार घरांना बोलावलं होतं, पण न्हाव्याने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मान साबणात असताना बातमी सांगितली होती. त्यामुळे ज्यांचं लहानपण या गल्लीत गेलं ते सगळे आले. पिकलेल्या केसांचे, सुटलेल्या पोटांचे, चाळिशीचे चष्मे लावलेले. त्यात जाड्या होता. जाड्या म्हणजे त्या वेळचा गोलकीपर. नाव तेव्हा पडलं आणि त्याने ते आयुष्यभर प्रामाणिकपणे सांभाळलं.

लोकरवाल्या मावशी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. काकू त्यांच्या शेजारी.

“नावात काय अडलंय?” न्हावी म्हणाला. “पंचबाई निवास! लिहा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याचा चेहरा मात्र उतरला. “घर यांनी उभं केलं, आणि नाव कोणा परक्या बाईचं?” ती मला कुजबुजली. कुजबुज तिला कधी जमली नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. मावशी नुसत्या गालात हसल्या.

वातावरण जरा अवघडलं म्हणून काकू म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी ती खिडकी बाहेरून बघितलीय. आतून कोणी बघितली नसेल. झोपून बघा की.”

तिने सतरंजी आणि उशी घातली. सुरुवातीला सगळे लाजले. मग न्हावी चप्पल काढून आडवा झाला.  तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं, त्याचं मन भरून आलंय. त्याने मात्र आधी उशीवर डोकं इकडे केलं, मग तिकडे केलं, मग उशी दुमडून उंच केली.

“अहो,” तो शेवटी म्हणाला, “इथून गोल दिसत नाही.”

“म्हणजे?”

“गोदामाची भिंत दिसते ती वरची. खाली, जिथे गोल काढलेला होता, तिथे समोरच्या पायऱ्या आड येतात. गोल दिसतच नाही!”

“सरक,” जाड्या म्हणाला. तो आडवा झाला तेव्हा खोली लहान वाटायला लागली. त्याने एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. “पायऱ्या नंतरच्या असतील.”

“नंतरच्या कसल्या? त्याच पायऱ्यांवर तुझा दात पडला होता.”

“हो,” जाड्या म्हणाला. “पडला होता खरा.”

मग एकेक जण आडवा होऊ लागला. भलेभले लोक, कोणी बँकेतले, कोणी शाळेतले, बाहेर रांग लावून उभे, आणि आत झोपून माना तिरक्या करून बघतायत. प्रत्येक जण उठताना तेच सांगत होता. गोल दिसत नाही. अर्धी गल्ली दिसत नाही. जाड्याचा चेहरा लाल होत चालला होता. “म्हणजे शेवटच्या मॅचला तो गोल झालाच नव्हता! मी तेव्हापासून सांगतोय! मी धरला होता चेंडू!”

“तू रेषेच्या आत धरलास,” न्हावी म्हणाला.

“बाहेर धरला!”

पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं नाकाला नाक लावून उभी राहिली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की कोपऱ्यात कोणीतरी हसतंय. मावशींनी रुमाल डोळ्यांना लावला होता आणि खुर्चीसकट हलत होत्या.

“तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं होतं, ताई, तुला तर काही दिसत नाही, तू सांगतेस कशी? म्हणाली, कानांनी. खरा गोल झाला की गोलकीपर गप्प होतो. झाला नसेल तर सगळ्यांच्या आधी तोच ओरडतो.”

सगळ्यांनी जाड्याकडे पाहिलं. जाड्या काहीतरी बोलणार होता, पण गप्प बसला.

“बघा,” न्हावी म्हणाला, “गप्प झाला.”

हशा ओसरायला वेळ लागला. जाड्याही हसत होता. काकूने विचारलं, “आणि दोन्हीकडून एकदम ओरडा झाला तर?”

“तर शिट्टी मारून म्हणायची, पुन्हा!”

“हो!” दोन-तीन जण एकदम म्हणाले. “पुन्हा! पुन्हा घ्या!”

“तुम्हाला राग यायचा त्याचा. तिचा मात्र आवडता निकाल होता तो. म्हणायची, कोणी हरत नाही आणि खेळ लांबतो.” मावशींनी रुमालाची घडी घातली. खोली आता ऐकत होती. त्या काकूकडे बघून बोलू लागल्या, जणू बाकी कोणी नव्हतंच. “तुम्हाला कळेल म्हणून सांगते. उपचाराला नेण्याआधी एकदा डॉक्टरांनी तिला इथेच उभं करून पाहिलं. मेहुणे एका बाजूला, मी एका बाजूला. उभी राहिली, आणि पाय दुमडले. आम्ही तिघंही खाली. मेहुणे रडायला लागले. पुरुषासारखा पुरुष, हमसून हमसून. डॉक्टर म्हणाले, आज पुरे. हिने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली, फुंकली, आणि म्हणाली, पुन्हा.”

“उभ्या राहिल्या?” काकूने विचारलं.

“नाही. त्या दिवशी नाही. पण आम्ही तिला पुन्हा उभी केली, हे खरं.”

काकूने मान हलवली. वॉर्डात तिने असे किती दिवस पाहिले असतील कोण जाणे. तिने मावशींच्या हातावर हात ठेवला.

काका मात्र खोलीत नव्हता. मी बाहेर आले तर तो पाटीसमोर उभा. पिवळ्या रंगाचा डबा उघडलेला, दोरीला खडू लावून पाटीवर दोन आडव्या रेषा मारून झालेल्या. एकेक करत सगळे बाहेर आले आणि त्याच्या मागे अर्धवर्तुळ करून उभे राहिले. त्याने कोणाला विचारलं नाही. ब्रश बुडवला, कडेला निपटला आणि पहिलं अक्षर काढलं. प. मग त्याचा उकार.

आत्या पुढे झाली. “काय लिहितोस?”

“पुन्हा,” काका म्हणाला.

“एवढंच?”

“एवढंच.”

आत्याने मनात ते म्हणून पाहिलेलं दिसलं, ओठ हलले. तिने एकदा धुतलेल्या कौलांकडे पाहिलं, नव्या वाशांकडे पाहिलं. “बरं आहे,” ती म्हणाली. “औषधासारखं नाही वाटत.”

‘न्हा’चं जोडाक्षर सुरू झालं तसा न्हावी खाकरला. “हे अक्षर आमचं आहे. नीट काढा हो. त्याच्यावर आमचं पोट चालतं.”

काकाला हसू आलं आणि ब्रश हलला. कोपऱ्यावर थेंबभर रंग ओघळला. त्याने बोटाने टिपला, पण डाग थोडा राहिलाच. एरवी असं झालं असतं तर त्याने अख्खी पाटी पुसून परत आखली असती. या वेळी पुढचा काना ओढला, मग डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेघ मारली आणि मागे सरकला. टाळ्या वाजल्या. मावशींनी जवळ जाऊन चष्मा वर करून वाचलं, अक्षर न् अक्षर तपासल्यासारखं, आणि म्हणाल्या, “आवडलं असतं तिला. आणि पंचबाई निवास लिहिलं असतं ना, तर भांडायला आली असती.”

केक कापायचा राहूनच गेला होता. तो कोणी कापायचा यावरही वाद झाला. शेवटी जाड्याने कापला, कारण त्याच्यावर अन्याय झाला होता असं बहुमताने ठरलं.

सोमवारी मी कामावर जायच्या आधी तिकडे डोकावले. रंग वाळला होता. दारात गॅसवाला उभा होता, खांद्यावरचं सिलिंडर उतरवून पाटीकडे बघत.

“पुन्हा?” तो काकूला म्हणाला. “काकू, मी तर आज पहिल्यांदाच येतोय इकडे.”

“माहीत आहे,” काकू म्हणाली. “सिलिंडर आत ठेवा आणि बसा जरा. घाई नाही ना? सांगते.”